आपण नंतर आलो, मग हा इतिहास आपल्याला लागू होतो का?

जुना_वॉर्डवाला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मनोविकारतज्ज्ञ, आता निवृत्त. १९७३ मध्ये अमेरिकेत आलो, रेसिडेन्सी केली आणि मिडवेस्टमधल्या एका स्टेट हॉस्पिटलमध्ये, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात, चिकटलो. त्या काळात आपल्याकडचे, फिलिपाइन्सचे, कोरियाचे, पाकिस्तानचे कितीतरी डॉक्टर अशाच ठिकाणी लागायचे, कारण इथल्या गोऱ्या डॉक्टरांना शहरात प्रायव्हेट प्रॅक्टिस हवी असायची आणि सरकारी वॉर्डात यायला फारसं कोणी राजी नसायचं. बऱ्याच राज्यांत पूर्ण लायसन्स नसलं तरी सरकारी हॉस्पिटलात काम करू द्यायचे. म्हणजे ज्या पेशंटांना कोणी वाली नव्हता त्यांच्या वाट्याला आम्ही आलो, आणि आमच्या वाट्याला ते.

धाग्याचं निमित्त असं की आमच्या जुन्या डॉक्टरांच्या ग्रुपवर मी मॉन्टगोमेरीच्या स्मारकाचे फोटो टाकले. अलाबामातलं, २०१८ मध्ये उघडलेलं, झुंडीने मारलेल्या काळ्या लोकांचं स्मारक. आठशेच्या वर लोखंडी खांब आहेत, एकेका काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) एकेक, त्यावर नावं आणि तारखा कोरलेल्या, १८७७ ते १९५० मधली चार हजारांवर माणसं. सुरुवातीला खांब आपल्या उंचीला असतात, मग जमीन उतरत जाते आणि ते डोक्यावर टांगलेले राहतात. काही ठिकाणी नावच नाही, नुसतं ‘अज्ञात’. तर यावर एका जिवलग मित्राचं उत्तर आलं, ‘चांगलं केलंय, पण हा त्यांचा त्यांच्यातला मामला. आपण तर नंतर आलो.’ दहाबारा अंगठे लगेच पडले त्याच्या उत्तरावर.

मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही ते नीट मांडता येईना, म्हणून इथे आलो.

माझ्या कामात मला इतिहास भेटला तो चार्टमध्ये. हॉस्पिटलात जुन्या पेशंटचा चार्ट म्हणजे तीनतीन, चारचार जाडजूड बाडं, कडा फाटलेल्या, सुरुवातीची पानं टाइपरायटरवरची आणि पुढची दर दोन-तीन वर्षांनी बदलणाऱ्या अक्षरांत. एक पेशंट सांगतो (तपशील बदललेत, ओळख पटणार नाही). मिसिसिपीतला, चाळीसच्या दशकात कारखान्यातल्या कामासाठी उत्तरेत आलेला, पन्नासच्या दशकात भरती झालेला. पहिल्या पानावर लिहिलेलं, पेशंट म्हणतो की आमची मोठी शेतजमीन होती आणि गोऱ्यांनी ती हिसकावली. त्याखाली निदान, मोठेपणाचा भ्रम, छळाचा भ्रम, स्किझोफ्रेनिया. पुढची वीसेक वर्षं हेच वाक्य एका डॉक्टरने दुसऱ्याचं बघून उतरवलेलं, कधी ‘जमिनीबद्दलचा भ्रम कायम’, कधी ‘जमिनीचा विषय काढत नाही, सुधारणा’. त्या सगळ्या बाडांत एकाही माणसाने त्याला जमीन कुठल्या काउंटीत होती हे विचारल्याची नोंद नाही!

मी विचारलं. काही थोर हेतू नव्हता, मी शेतकऱ्याच्या घरातला, जमीन म्हटल्यावर पहिला प्रश्न तोच येतो तोंडात. तर तो माणूस, जो इतर वेळी हो-नाहीच्या पुढे बोलायचा नाही, त्याने ओढा कुठल्या अंगाला होता, बांधावर पेकानची झाडं ओळीने कशी होती, खेचरं कोणाकडून घेतली, कापूस कुठल्या जिनवर जायचा, कर भरल्याच्या पावत्या बापाने कुठल्या डब्यात ठेवल्या होत्या, हे सगळं सलग सांगितलं. नंतर त्याची बहीण भेटायला आली तेव्हा तिला वेगळं विचारलं, तिनेही तोच ओढा आणि तीच झाडं सांगितली. कागद काही कुणाकडे उरला नव्हता.

आता हे लक्षात घ्या की माणूस आजारी होता. त्याला आवाज ऐकू यायचे, रात्र रात्र भिंतीशी बोलायचा, औषधाने त्याला खरंच बरं वाटायचं. मनोविकारशास्त्र सगळं थोतांड आहे असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पण आजार खरा असला म्हणून जमीन खोटी ठरत नाही. १९१०च्या सुमारास अमेरिकेतल्या काळ्या शेतकऱ्यांकडे दीड कोटी एकरांच्या आसपास जमीन होती, आणि पुढच्या काळात तिच्यातली बहुतेक गेली, कुठे कराच्या लिलावात, कुठे वारसांच्या वाटणीत वकिलांनी घातलेल्या घोळात, कुठे रात्री दारात बंदूक घेऊन उभं राहून. तो सांगत होता ती त्या काळातली अगदी सर्वसाधारण गोष्ट होती. मी चार्टमध्ये लिहिलं की जमिनीचा मजकूर बहिणीच्या सांगण्याशी जुळतो, यापुढे तो भ्रमाच्या यादीत धरू नये. पुढच्या डॉक्टरने ते वाचलं की नाही देव जाणे.

निवृत्तीनंतर मी आमच्या शास्त्राचा इतिहास वाचायला घेतला आणि झोप उडाली. १८५१ मध्ये लुइझियानाचे डॉक्टर सॅम्युअल कार्टराइट यांनी गुलामाने पळून जाणं हा मानसिक आजार आहे असं सांगून त्याला ‘ड्रेपटोमेनिया’ असं भारदस्त ग्रीक नाव दिलं आणि उपायांत चाबूक सांगितला. हे निदान लोक निदान हसण्यावारी तरी नेतात. त्याहून भयंकर १८४०ची जनगणना. तिच्यात आकडे आले की उत्तरेतल्या स्वतंत्र काळ्यांमध्ये वेडाचं प्रमाण दक्षिणेतल्या गुलामांच्या दहापट आहे. एडवर्ड जार्विस नावाच्या डॉक्टरने तपासलं तर काही गावांत जितके काळे राहतात त्याहून जास्त काळे वेडे नोंदलेले, आणि मॅसॅच्युसेट्सच्या वूस्टरमध्ये वेड्यांच्या हॉस्पिटलातले १३३ गोरे पेशंट काळ्यांच्या रकान्यात. जेम्स मक्यून स्मिथ या काळ्या डॉक्टरांनीही हे आकडे फाडून दाखवले. पण सरकारने दुरुस्ती केली नाही, आणि १८४४ मध्ये परराष्ट्रमंत्री कॅलहून यांनी तेच आकडे वापरून लिहिलं की बघा, गुलामगिरीतच हे लोक सुखी असतात.

चुकीचा रकाना, मग त्याची नक्कल, मग नकलेवरून धोरण. वॉर्डातली ती बाडं डोळ्यासमोर आली माझ्या.

तर प्रश्न असा. नातवंडांसाठी आठवणी लिहायला बसलोय. जो माणूस नंतर आला, ज्याच्या बापजाद्यांचा या पापात हात नाही, पण ज्याने पस्तीसेक वर्षं त्याच चार्टमध्ये पुढचं पान लिहिलं आणि त्याचा पगार घेतला, त्याने हा इतिहास आपला म्हणून लिहावा, की पाहुण्याने पाहिलेला म्हणून? तुमच्यापैकी कोणी अशा ठिकाणी काम केलं असेल तर विशेष करून सांगा.

---

हडसनकाठचा

डॉक्टरसाहेब, लेखन आवडलं पण मी तुमच्या मित्राच्या बाजूचा, स्पष्टच सांगतो.

आम्ही आलो तेव्हा खिशात काय होतं ते आम्हालाच माहीत. वर आपल्यालाही काही कमी सोसावं लागलं नाही. १९८७ मध्ये जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्या टोळक्याने आपल्या लोकांना हुडकून हुडकून मारायला सुरुवात केली होती, इथल्या पेपरात त्यांचं धमकीचं पत्र छापून आलं होतं, बायका कुंकू पुसून बाहेर पडायच्या. त्याच सुमारास होबोकेनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला मारून मारून ठार केलं. तेव्हा कोणी आपल्यासाठी स्मारक बांधलं? आपण मान खाली घालून कामाला गेलो आणि पोरं शिकवली. प्रत्येकाने आपापलं दुःख सांभाळावं, दुसऱ्याच्या दुःखात जाऊन बसायची हौस कशाला? आणि अपराधी वाटून घ्यायची तर त्याहून नको.

बाकी तुमचा तो ओढ्याचा प्रसंग मात्र डोक्यातून जाईना, हे कबूल.

---

तळटीप

@हडसनकाठचा, दादा, अपराधी वाटून घ्या असं डॉक्टरकाकांनी कुठे म्हटलंय? परत वाचा एकदा.

मी इतिहास शिकवते, त्यामुळे थोडं रटाळ होईल. ‘आपण नंतर आलो’ हे बरोबर, पण आपण येऊ कसे शकलो? १९१७च्या कायद्याने हिंदुस्थानातून यायलाच बंदी होती. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांचा खटला सुप्रीम कोर्टात गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात नोकरी केलेला माणूस, त्यांचा युक्तिवाद असा की मी उच्चजातीय हिंदू, आर्यवंशीय, म्हणजे कॉकेशियन, म्हणजे गोरा, सबब नागरिकत्व द्या. कोर्ट म्हणालं, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस तुम्हाला गोरा समजत नाही. त्यानंतर आधी मिळालेली नागरिकत्वंसुद्धा काढून घ्यायला लागले. सॅन फ्रान्सिस्कोचे दुकानदार वैष्णो दास बगई यांचं गेलं, मालमत्ता गेली, मायदेशी जायला पासपोर्ट मिळेना, १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला.

म्हणजे आपल्यातल्या पहिल्या काहींनी गोऱ्यांच्या रांगेत घुसायचा प्रयत्न केला, आपली जात पुढे करून, आणि तोंडावर आपटले. मग दार उघडलं ते १९६५च्या इमिग्रेशन कायद्याने. आणि तो कायदा १९६४चा सिव्हिल राइट्स अॅक्ट आणि १९६५चा व्होटिंग राइट्स अॅक्ट यांच्या पाठोपाठ आलाय हा योगायोग नाहीये. वंशावरून माणसं वगळणं लाजिरवाणं ठरवलं ते काळ्या लोकांच्या चळवळीने, पोलिसांची कुत्री आणि पाण्याचे फवारे अंगावर घेऊन. काकांचा व्हिसा, तुमचा व्हिसा, माझ्या आईवडिलांचा व्हिसा, सगळे त्याच दारातून. म्हणून ‘त्यांचा त्यांच्यातला मामला’ हे मला तथ्य म्हणूनच चुकीचं वाटतं, भावना बाजूला ठेवा.

आणि विसरणं आपोआप होतं असं नाही हं, ते करावं लागतं. टल्सामध्ये १९२१ मध्ये ग्रीनवुड ही काळ्यांची भरभराटीची वस्ती दोन दिवसांत जाळली, पस्तीस ब्लॉक बेचिराख. पुढे कोणी अभ्यासाला गेलं तर तिथल्या पेपरच्या त्या दिवसाच्या जपून ठेवलेल्या अंकातून नेमका तोच मजकूर कापलेला! राज्याने चौकशी आयोग नेमला १९९७ मध्ये. मध्ये किती वर्षं गेली मोजा. गावातली गोरी पोरं हे न ऐकता मोठी झाली, आणि काळ्या घरांतही पुष्कळांनी भीतीपोटी पोरांना सांगितलं नाही.

---

ऑनकॉल

काका, मी सध्या तुमच्याच धंद्यात, एका मोठ्या शहरातल्या इमर्जन्सीत. ड्यूटीमध्ये टाइप करतेय, शुद्धलेखन माफ.

तुम्ही जे सांगताय ते संपलेलं नाहीये. काळ्या पेशंटला स्किझोफ्रेनियाचं लेबल लागायचं प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त असं अभ्यासांमध्ये परत परत येतं, आणि त्यातला मोठा भाग असा की डिप्रेशन किंवा बायपोलर असतं पण मूडबद्दल नीट विचारलंच जात नाही, सायकोसिस (भास, भ्रम) दिसला की गाडी तिथेच थांबते. आम्हाला ट्रेनिंगमध्ये ती १९७४ची हॅल्डॉल या सायकोसिसवरच्या औषधाची जाहिरात दाखवतात, जर्नलमध्ये छापलेली, रस्त्यावर मूठ आवळून उभा असलेला चिडलेला काळा माणूस. त्याआधी १९६८ मध्ये ब्रोमबर्ग आणि सायमन या दोन सायकियाट्रिस्टांनी ‘प्रोटेस्ट सायकोसिस’ असा पेपरच लिहिला होता, ब्लॅक पॉवर या काळ्यांच्या चळवळीच्या विचारांनी येणारा वेडेपणा म्हणे. त्याच वर्षी डीएसएम-२ हे मनोविकारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक आलं, त्यात पॅरानॉइड (संशयी) प्रकारच्या स्किझोफ्रेनियाच्या वर्णनात पेशंट बरेचदा शत्रुत्वाने आणि आक्रमकपणे वागतो असं घातलेलं. आता वर्ष १९६८, डेट्रॉईट शहर आदल्याच वर्षी दंगलीत पेटून गेलेलं, आणि हे वर्णन हातात घेऊन डॉक्टर वॉर्डात बसलाय, काय होणार ते सांगायला नको.

पण काका, एक खरी अडचण विचारते. मला एका पेशंटला वीस मिनिटं मिळतात. तो म्हणतो पोलीस माझ्या मागे आहेत. त्याच्या वस्तीत पोलीस खरंच मागे असतात. ओढा कुठल्या अंगाला हे विचारायला माझ्याकडे वेळ नाही आणि बहीण फोन उचलत नाही. मग मी काय लिहू?

दुसरं, आठवणींबद्दल. १९७७ मध्ये ब्राउन आणि कुलिक यांनी ‘फ्लॅशबल्ब मेमरी’वर काम केलं होतं, म्हणजे बातमी कळली तेव्हा मी कुठे होतो, कोणी सांगितलं, हे फोटोसारखं लक्षात राहणं. चाळीस गोरे आणि चाळीस काळे. केनेडींची हत्या दोन्हीकडे जवळपास सगळ्यांना तशी आठवत होती. मार्टिन ल्यूथर किंगची काळ्यांपैकी तीन-चतुर्थांश लोकांना, गोऱ्यांपैकी तिसरा हिस्सा. माल्कम एक्स या काळ्या नेत्याची तर गोऱ्यांत जवळजवळ कोणालाच नाही. तोच देश, तेच टीव्ही चॅनल, तीच बातमी. ज्याचा आपल्या आयुष्यावर परिणाम होणार तेच मेंदू त्या पद्धतीने जपतो, असं त्यांचं म्हणणं. (पुढे लोकांनी दाखवलं की अशा आठवणींबद्दल माणूस ठाम असतो तेवढ्या त्या अचूक नसतात, पण गोऱ्या-काळ्यांमधला फरक राहतोच.) म्हणून तुमच्या मित्राला ते आठवत नाही यात त्याचा स्वभावदोष नसेल, त्याच्या अंगावर काही आलंच नाही.

बेड रिकामा झाला, पळते.

---

शंकेखोर

धागा उत्तम. अवांतर वाटेल पण विचारतो.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना, काळ्यांना दास्यातून सोडवलं म्हणून, आणि माझे देशबांधव शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवताना त्यांचा कित्ता गिरवोत ही आशा लिहिली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या काळ्या विचारवंतांना पत्र लिहिलं, काळ्या लोकांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागितली, अस्पृश्यांसाठी तसं करायचा विचार आहे म्हणून. डुबॉइसचं उत्तरही आलं. म्हणजे आपल्याकडच्या ज्यांना दिसायचं होतं त्यांना इथे पाऊल न ठेवताही आपला संबंध दिसला होता, आणि आपण इथे घर घेऊन राहतोय तरी विचारतोय की संबंध काय.

मग डॉक्टर, तुमच्या आठवणींत तुमच्या गावातली वस्ती येणार का? तुमच्या घरच्या त्या शेतावर राबायला कोण यायचं? का इतिहास फक्त समुद्रापलीकडचाच?

---

हडसनकाठचा

आलं, जात आलीच. कुठलाही धागा उघडा, तिसऱ्या-चौथ्या प्रतिसादाला हे येतंच.

@तळटीप, व्हिसाचा मुद्दा मात्र मला नवीन होता, थिंड केस ऐकून होतो पण जात पुढे केली होती हे माहीत नव्हतं. विचार करतो. माझं मूळ म्हणणं मी सोडलेलं नाही.

---

मंदाताई_न

मी नर्स होते, सायकियाट्रिक वॉर्डलाच, आता घरी असते. वॉर्डवालेभाऊ, तुम्ही डॉक्टर लोक चार्टबद्दल बोलताय पण खरी आठवण चार्टमध्ये नसायचीच, ती असायची अटेंडंटांकडे. आमच्याकडचे अटेंडंट बहुतेक काळे, दक्षिणेतून आलेल्या घरांतले, पेशंटही तिथलेच. रात्रपाळीला आमची एक म्हातारी अटेंडंट होती तिला तोंडपाठ होतं कोण कुठल्या चर्चचा, कोणाची आई कधी वारली, कोणाला आंघोळीच्या वेळी मागून हात लावायचा नाही कारण लहानपणी त्याने काय बघितलंय. डॉक्टर सकाळी राउंडला येऊन ‘आंघोळीला विरोध, आक्रमक’ लिहून जायचे. तिला कोणी विचारलं नाही कारण तिच्या नोटिंगला किंमत नव्हती, तिने फक्त जेवला, झोपला, शी झाली एवढंच लिहायचं असा नियम. ती रिटायर झाली आणि ते सगळं तिच्याबरोबर गेलं.

दफनभूमीबद्दल पण लिहा. अशा कितीतरी हॉस्पिटलांच्या मागच्या बाजूला पेशंटांना पुरलेलं आहे आणि वर नाव नाही, नुसता आकडा. मेरीलँडमध्ये क्राउन्सव्हिल म्हणून होतं, १९११ मध्ये काळ्यांसाठी वेगळं काढलेलं, बांधकामाची मजुरीसुद्धा पहिल्या पेशंटांकडूनच करून घेतली, २००४ मध्ये बंद झालं. तिथे अशाच आकड्यांच्या कबरी आहेत आणि लोक जुने दाखले चाळून एकेक नाव शोधतायत. आमच्याकडे तेही कोणी करत नाही.

---

जुना_वॉर्डवाला

सगळ्यांचे आभार. एकेक घेतो, क्रम चुकला तर राग नको.

@ऑनकॉल, तुझा प्रश्न सगळ्यात अवघड. वीस मिनिटांत खरं-खोटं ठरत नाही, ठरवूही नये. मी शिकाऊ मुलांना एवढंच सांगायचो की पेशंटचं वाक्य त्याच्याच शब्दांत अवतरणात लिहा आणि पुढे लिहा ‘पडताळलेलं नाही’. भ्रम हा शब्द लिहायला घाई नको, तो एकदा बसला की निघत नाही. आणि एक प्रश्न तपशिलाचा विचारायचाच, कुठलाही, गाडीचा रंग, रस्त्याचं नाव. भ्रमातला माणूस बरेचदा अर्थ भरभरून सांगतो, पोलिसांनी मलाच का निवडलं, त्यामागे कोण आहे, आणि जगलेला माणूस बरेचदा रस्त्याचं नाव सांगतो. ही काही कसोटी नाही बरं का, याला अपवाद ढिगाने आहेत, पण विचारायला मिनिटभर लागतं आणि पुढच्या डॉक्टरच्या हातात काहीतरी पडतं. आता तर २०२१पासून पेशंटला स्वतःच्या नोट्स वाचायला मिळतात, आमच्या वेळी हे असतं तर त्या बाडांतलं निम्मं लिहायची कोणाची छाती झाली नसती.

फ्लॅशबल्बचं तू बरं काढलंस. त्या मित्राला मी तेच पाठवलं. त्याने परत अंगठा दिला, या वेळी मला.

@मंदाताई_न, ताई, अगदी खरं. सोलोमन कार्टर फुलर हे नाव तुम्ही नोकरीत असताना कधी ऐकलंत का? मी तर निवृत्त झाल्यावर वाचलं. अमेरिकेतले पहिले काळे मनोविकारतज्ज्ञ, आजीआजोबा व्हर्जिनियात गुलाम होते, यांचा जन्म लायबेरियातला. म्युनिकला खुद्द अल्झायमरच्या प्रयोगशाळेत काम केलेलं, मॅसॅच्युसेट्सच्या वेस्टबरो हॉस्पिटलात मेंदूचे काप काढून स्मृतिभ्रंशावर १९०७ पासून लिहिलेलं, आणि अल्झायमरवरच्या तोवरच्या सगळ्या केसेसचा आढावा इंग्रजीत पहिल्यांदा घेतला तोही त्यांनीच, १९१२ मध्ये. विद्यापीठात वर्षानुवर्षं विभाग सांभाळला पण पद दुसऱ्या गोऱ्या कनिष्ठ माणसाला दिलं, तेव्हा १९३३ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. डिमेन्शियाचे किती पेशंट मी तपासले असतील, आणि शिकवणाऱ्यांपैकी एकाच्याही तोंडून हे नाव आलं नाही. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने जानेवारी २०२१ मध्ये वर्णद्वेषाबद्दल जाहीर माफी मागितली, ते निवेदन मी दोनदा वाचलं. बरं आहे. मला त्यापेक्षा फुलरांचा एक तास अभ्यासक्रमात घातलेला आवडला असता.

@शंकेखोर, तुमचा प्रश्न रास्त आहे, टोचला म्हणूनच रास्त. आमच्या शेतावर राबायला कोण यायचं ते मला नावानिशी आठवतं, आणि त्यांना चहा कुठे आणि कशात द्यायचे तेही. ते पहिल्या प्रकरणात येणार, घरातल्या काही मंडळींना आवडणार नाही. पण माझी एक विनंती, दोन्ही एकच आहेत असं करून टाकू नका. जमीन म्हटल्यावर काउंटी कुठली हे मी विचारलं कारण मी जमीनवाल्या घरातला होतो. जमीन कधी नव्हतीच अशा घरातला डॉक्टर त्या जागी असता तर त्याने दुसरंच काही विचारलं असतं, कदाचित जास्त नेमकं.

@हडसनकाठचा, साहेब, ८७ मध्ये तुम्ही जर्सीत होता म्हणजे तुमच्याकडे लिहिण्यासारखं माझ्याहून जास्त आहे. कुंकू पुसून बाहेर पडणाऱ्या बायकांचं कोणी लिहून ठेवलंय का? मला तरी मराठीत कुठे सापडलं नाही.

@तळटीप, तुम्हाला एक व्यावहारिक शंका. पेशंटबद्दल कितपत लिहायचं? कायद्याने माणूस गेल्यानंतरही पन्नास वर्षं त्याची वैद्यकीय माहिती गोपनीय असते. ते योग्यच आहे, पण त्याचा परिणाम असा होतो की त्याच्याबद्दल हॉस्पिटलने काय लिहिलं ते बाडात बंद राहतं आणि तो काय म्हणत होता ते माझ्यासारख्याबरोबर जातं.

---

तळटीप

काका, पेशंट ओळखू येईल असं काही नको, गाव, वर्ष, आजार, कुटुंब यातलं निदान दोन-तीन बदला आणि बदललंय असं सांगा, जसं इथे केलंत. पण हॉस्पिटलबद्दल, कामाच्या पद्धतीबद्दल, चार्ट कसे लिहायचे, अटेंडंटांना काय लिहायची मुभा होती, याबद्दल बिनधास्त लिहा, त्यावर कसलं बंधन नाही आणि संशोधकांना नेमकं तेच मिळत नाही. बऱ्याच राज्यांच्या सरकारी अभिलेखागारात जुन्या स्टेट हॉस्पिटलांचे वार्षिक अहवाल असतात, ते सगळ्यांना खुले असतात. तिथून पेशंटांची वर्णवार संख्या, वॉर्ड वेगळे होते का, कोणाला शेतावर आणि धोबीघरात कामाला लावायचे, हे निघतं. तुमची आठवण आणि तो अहवाल शेजारी शेजारी ठेवा, जिथे जुळत नाही तिथे दोन्ही छापा.

आणि पाहुणा की घरचा या प्रश्नावर माझं मत, तुम्ही कर्मचारी म्हणून लिहा. तुम्ही तिथे होतातच की, हजेरीपटावर सही करून.

मंदाताई, तुमच्याशीही बोलायचंय. त्या अटेंडंटबाईंबद्दल जे आठवतंय ते रेकॉर्ड करूया का? मी फोनवर घेऊ शकते.

---

मंदाताई_न

मला कुठलं मेलं बोलता येतंय रेकॉर्डिंगवर. पण करूया. शनिवारी दुपारी मी मोकळी असते.

---

जुना_वॉर्डवाला

कर्मचारी म्हणून, हे पटलं. अहवालांसाठी अर्ज कसा करायचा तेवढं सांगा. आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत स्टेट हॉस्पिटलांत काम केलेले आणखी कोणी मराठी डॉक्टर, नर्स, सोशल वर्कर इथे वाचत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आमच्यातले बरेच आता ऐंशीच्या पुढे आहेत, तेव्हा ‘नंतर बघू’ नको.